अप्पांची मांडी

अप्पा गेले तेव्हा मी त्यांच्या पायथ्याशी स्टुलावर बसून पेपर तपासत होते. हे सांगायला बरं वाटत नाही, पण होतं ते असं. अकरावीच्या समाजशास्त्राच्या चाचणीचा गठ्ठा मी कळंबहून सोलापूरच्या त्या दवाखान्यात बरोबर नेला होता. अकरा दिवस नुसतं बसून माणसानं करायचं काय? सकाळचे सहा वाजत आले होते. प्रश्न होता, संस्कृतीची वैशिष्ट्ये सांगा. एका मुलीनं लिहिलं होतं की संस्कृती रक्तातून मिळत नाही, ती शिकावी लागते. मी बरोबरची खूण केली, वर पाहिलं, तर अप्पांची छाती हलत नव्हती.

सिस्टर आली, मग डॉक्टर आले, पडदा ओढला गेला. मला काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, खरंच वाटलं नाही. लाल पेनाचं टोपण सापडत नव्हतं, ते मी कॉटखाली वाकून शोधलं. वॉर्डातल्या मावशींनी अप्पांचे डोळे मिटवले, हनुवटीखालून पट्टी बांधली, पाय ओढून सरळ केले आणि दोन्ही अंगठे एकत्र करून त्यावर बँडेजच्या कापडाची गाठ मारायला घेतली. गाठ नीट बसेना म्हणून त्या म्हणाल्या, जरा धरता का? मी अप्पांचे पाय धरून दिले. सरळ, ताठ, एकमेकांना चिकटवून. कुणी लांबून यायचंय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, धाकटा भाऊ हैदराबादहून निघालाय. मग कागदं होईपर्यंत फ्रीजरला ठेवू, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ठेवा. सहीसुद्धा केली.

ज्यांना आमची रीत माहीत नाही त्यांना यात चुकलं काय ते कळणार नाही, म्हणून सांगते. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला जाळत नाहीत, आणि आडवाही करत नाहीत. त्याला मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात आणि बसलेल्यालाच मातीत देतात. त्यासाठी घाई करावी लागते. जीव गेल्यावर अंग ऊन आहे तोवर पाय दुमडून घ्यायचे, पाठ भिंतीला लावायची, छातीवरून धोतराचा पट्टा घेऊन बांधायचं. उशीर झाला की अंग ताठतं आणि मग माणूस बसत नाही. आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मलाही होतं. बारा वर्षांपूर्वी आई घरातच गेली तेव्हा अर्ध्या तासात तिला बसवली होती. मी तिथं होते, पाण्याचा तांब्या धरून उभी होते. लहानपणापासून अशी पाचपन्नास माणसं मी बसताना पाहिली असतील. दर वेळी माझ्या हातात तांब्याच असायचा. बसवायचं काम दुसऱ्या हातांचं.

त्या दिवशी ते हात नव्हते. होते ते वॉर्डातले हात, आणि त्या हातांना सगळी माणसं सारखी. तिथं जो मरतो तो सरळ होतो. मी तिथल्यासारखं केलं. ठरवून केलं नाही, विसरून केलं म्हणावं तर तसंही नाही. शेजारच्याचं बघून आपण हात जोडतो ना, तसं झालं.

कागदं व्हायला अकरा वाजले. गाडीत अप्पा स्ट्रेचरवर, मी बाजूच्या बाकावर. वाटेतलं येडशी मागं पडलं, बाजूला ज्वारी कणसात आलेली दिसत होती. मी पेपरचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते आणि किती राहिलेत ते मनात मोजत होते. चौतीस राहिले होते. गाडी एका खड्ड्यातून गेली आणि अप्पांचे दोन्ही पाय एकदम, एका लाकडाचे असावेत तसे उसळून परत पडले. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी पुढं होऊन त्यांचा गुडघा चाचपला. तो वाकला नाही. मी अंगठ्यांची गाठ सोडली, जणू तेवढ्यानं भागणार होतं, आणि परत जागेवर बसले.

अप्पांचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत दुकान होतं. साठ वर्षं ते गादीवर बसले. ज्वारीचा ढीग आला की चार दाणे तोंडात टाकायचे, दाढेखाली फोडायचे आणि ओल किती ते सांगायचे. नंतर ओल मोजायचं यंत्र आलं. अप्पा यंत्राचा आकडा वाचायचे आणि तरी दाणा चावायचे. आता दुकान दुसऱ्याकडं आहे. तिथली तरणी मंडळी आधी यंत्रात बघतात आणि मग तीही दाणा चावतात. चावल्यावर त्यांना काय कळतं, असं मी एकाला विचारलं होतं. तो हसला आणि म्हणाला, काय न्हाय, चावायचा असतो. ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगते. माणसं रीत उचलतात, कारण मागं ठेवतात, असं फळ्यावर लिहिते. अप्पांना याची मोठी गंमत वाटायची. मी घरात कधी काही विसरले, दूध उतू गेलं, की ते म्हणायचे, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

पुण्यात आमचा एक नातेवाईक वारला, त्याला विद्युतदाहिनीत दिलं. ती बातमी अप्पांनी मला दोनदा विचारून घेतली. दुसऱ्या दिवशी चहा पिताना मला म्हणाले, "मला आडवं नका करू बरं का. जलमभर बसून धंदा केला, जाताना बी बसूनच जातो." मी म्हटलं, बरं. एवढंच बोलणं झालं होतं. एवढं एकच त्यांनी माझ्याकडं मागितलं होतं, आणि ते मी दवाखान्यात पाय धरून घालवलं होतं.

दोन वाजता घरी पोचलो. गल्ली जमली होती. अप्पांना पुढच्या खोलीत सतरंजीवर ठेवलं आणि लोक बाजूला झाले, कारण मामा आले होते. मामा म्हणजे आमच्या नात्यातले कुणी नव्हेत, गल्लीचे मामा. वय पंच्याऐंशीच्या पुढं. आमच्यात कुणी गेलं की बसवायला तेच यायचे, आईलाही त्यांनीच बसवली. ते काठी ठेवून खाली बसले, अप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं.

"किती वाजता गेले?"

"सहाला."

"मग तवाच पाय का न्हाय घेतले?"

मी सतरंजीचं टोक सरळ केलं. त्यांनी परत विचारलंही नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच गुडघ्यावर हात ठेवून बसले. 

तेवढ्यात भाऊ आला. अप्पांच्या पायावर डोकं ठेवून मनमोकळं रडला. मला त्याचा हेवा वाटला. मग डोळे पुसून त्यानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला की अक्का, आता ओढाताण करू नकोस, आडवंच नेऊ, हैदराबादला आपले लोक हल्ली तसंच नेतात. आमच्यात विधी करतात ते स्वामीही आले होते. मला वाटलं ते तरी नाही म्हणतील. पण ते समजूतदार निघाले. अडचण असली की चालतं, काळाप्रमाणं बदलावं लागतं, शिव काय आडवा-उभा बघत नसतो, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. दोघांचंही बरोबर होतं. रिवाज आभाळातून पडत नाहीत, माणसंच ते करतात आणि माणसंच बदलतात, हे पंचवीस वर्षं मीच शिकवत आले. चार मार्कांना विचारलं असतं तर मी त्यांना चारपैकी चार दिले असते.

हे चालू असताना स्वामींनी खिशातून सुताची गुंडी काढली, अप्पांच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत दोरा धरला आणि पाऊल मोजून घेतलं. आमच्यात खड्डा त्या माणसाच्याच पावलानं मोजतात, लांबी नऊ पावलं, बाकीचंही त्याच हिशेबानं. त्यांनी दोऱ्याला गाठ मारली आणि तो परत खिशात ठेवला. तो दोरा खड्ड्यापर्यंत गेलाच नाही. कारण रुद्रभूमीत, आमच्या माती द्यायच्या जागेत, तेव्हा जेसीबी आधीच पोचला होता आणि त्याला पाऊल-बिऊल काही कळत नव्हतं, त्याचं माप बकेटचं.

त्या जेसीबीवाल्याचाच फोन भावाच्या मोबाइलवर आला. भाऊ दुसऱ्या फोनवर बोलत होता, त्यानं हा माझ्या हातात दिला. जेसीबीवाला बेंबळीकडचा, शेततळी खणायचा, विहिरी खणायचा आणि सगळ्या जातींचे खड्डेही खणायचा. त्याला सगळ्यांचं सगळं माहीत होतं.

"मॅडम, बसायचा का झोपायचा?"

मागं इंजिनाचा आवाज येत होता. मला कळलं नाही असं वाटून त्यानं समजावून सांगितलं. बसायचा असला तर चौकोनी आणि खोल घेतो, झोपायचा असला तर लांब आणि उथळ. एकदा घेतला की बदलता येणार नाही, मला पुढं भूमच्या रस्त्याला जायचंय.

"बसायचा," मी म्हटलं.

यात धीर वगैरे काही नव्हता. त्या अनोळखी माणसाला झोपायचा असं सांगायची मला लाज वाटली, एवढंच. फोन ठेवला आणि खोलीत येऊन सांगितलं की खड्डा बसायचा सांगितलाय. भाऊ माझ्याकडं बघतच राहिला. स्वामी म्हणाले, बघा मग, दिवस मावळायच्या आत व्हायला पाहिजे. मामांनी फक्त पाणी तापवायला सांगितलं.

बायकांना बाहेर काढून दार लावलं. मी निघाले नाही आणि मला कुणी निघ म्हटलं नाही. आत मामा, भाऊ आणि गल्लीतले चार तरणे गडी. ऊन पाण्यात पंचे पिळून गुडघ्यांवर, मांडीच्या सांध्यांवर ठेवले, गार झाले की बदलले. अर्धा तास हेच चाललं. मग मामांनी गुडघा धरला आणि दाबला. त्यांच्या हातात जोर उरला नव्हता. त्यांनी त्या गड्यांकडं पाहिलं. ते एकमेकांकडं बघू लागले. धट्टेकट्टे होते, पण त्यांनी आजवर खांदे दिले होते, हार आणले होते, मंडप घातले होते. गुडघ्याला हात कुणीच लावला नव्हता. मामा असताना कशाला लावतील? भाऊ पुढं झाला, हात ठेवला आणि लगेच काढला. मला नाही जमणार, म्हणाला.

"तू ये, माय," मामा मला म्हणाले.

आमच्यात बाई हे करत नाही. करू नये असं कुठं लिहिलेलं नाही, पण करत नाही.  मी जाऊन बसले आणि अप्पांच्या उजव्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले.

तो गुडघा माझ्या ओळखीचा होता. गेली सात वर्षं अप्पांना मांडी घालता येत नव्हती. गादी सुटली, जेवायला टेबल आलं, पूजेलाही खुर्ची. साहेब झालो बघ, असं म्हणून स्वतःलाच हसायचे. रोज संध्याकाळी मी तिळाचं तेल कोमट करून ते गुडघे चोळायची. गुडघ्याच्या वाटीवर तळहात ठेवून हळूहळू दाबत जायचं, आणि एक ठिकाण यायचं, तिथं ते श्वास धरायचे. तिथं थांबून मी विचारायची. ते म्हणायचे, न्हाय, दाब तू. दुखत असायचं, तरी म्हणायचे. मग मी दाबायची.

मी दाबत गेले. गुडघा गार होता, वरून तेवढा पंच्यामुळं ऊन. ते ठिकाण आलं. माझे हात थांबले.

"अप्पा, दुखतंय का?"

मी हे मोठ्यानं विचारलं. आणि विचारून थांबले. लोकांना वाटलं असेल की मला भान आलं म्हणून मी थांबले. तसं नव्हतं. मी उत्तराची वाट बघत होते. ते न्हाय म्हणतील आणि मग मी दाबीन, म्हणून थांबले होते. खोलीत कुणी हललं नाही. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, दोन श्वासांइतका असेल.

"दाब, माय," मामा म्हणाले.

मी दाबलं. सांध्यात आवाज झाला आणि पाय वाकला. डाव्या गुडघ्याशी आले तेव्हा मी पुन्हा विचारलं, पुन्हा थांबले. या वेळी उत्तर येणार नाही हे मला ठाऊक होतं. एका पायाला विचारलं आणि दुसऱ्याला नाही, असं मला करवेना.

अप्पा बसले. थोडे डावीकडं कलले होते, तिथं घडी केलेलं पोतं लावलं. नवं धोतर, विभूती, तळहातावर लिंग. दार उघडल्यावर बायका म्हणाल्या, गादीवर बसल्यासारखे दिसतात. दिसत होते. ऊन असेपर्यंत सगळं झालं. खड्डा पाहिजे त्यापेक्षा मोठा झाला होता, माती ढकलायला वेळ लागला. मी रडले नाही. पुढं तीन दिवस, अकरा दिवस, महिना, मला रडू आलं नाही. उरलेले चौतीस पेपर तपासून मी वेळेत दिले. शाळेतल्या बाई म्हणाल्या, तुम्ही फार खंबीर आहात हो. खंबीर कसली, दात काढायच्या आधी हिरडीत सुई मारतात, तशी सगळ्या अंगाला मारली होती. आपलाच गाल आपल्याला परका लागतो, तसं सगळं लागत होतं. जेवण, फळा, भावाचे फोन.

मामा त्या पावसाळ्यात अंथरुणाला खिळले. त्यानंतर, अप्पांना आठ-नऊ महिने झाले असतील, पलीकडच्या गल्लीत एक म्हातारी गेली. घरात, दुपारी, झोपेतच. माझी तिची बोलण्याइतकीही ओळख नव्हती, पण बाईमाणूस म्हणून जावं लागतं, गेले. गेल्या गेल्या कुणीतरी हातात तांब्या दिला. मामा नव्हते, त्यामुळं बसवायला पुढं झाला तो आमच्या खोलीत होता त्या चौघांतला एक. मोंढ्यात हमालांची टोळी सांभाळतो, दांडगा माणूस. म्हातारीला जाऊन पाऊण तासही झाला नव्हता. अंग मऊ होतं, पाय नुसते उचलून दुमडता आले असते.

त्यानं तिच्या उजव्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले. मान खाली घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आज्जी, दुखतंय का?"

आणि थांबला. खोलीतली सगळी माणसं थांबली. म्हातारीचा जावई, सुना, दारातल्या बायका. कुणी खोकलंसुद्धा नाही. मग त्यानं पाय दुमडला. डाव्या गुडघ्याशी आला, पुन्हा विचारलं, पुन्हा थांबला.

मी तांब्या खाली ठेवून बाहेर ओट्यावर आले. तो हात धुवायला आला तेव्हा मी त्याला विचारलं की तुम्ही ते असं का विचारलंत. तो माझ्याकडं जरा चमकूनच बघायला लागला, मला माहीत नसावं याचं त्याला नवल वाटलं.

"इचारावंच लागतंय ना मॅडम. न इचारता कसं दुमडायचं? तुमच्या अप्पांच्या वक्ताला बघितलं म्या. मागच्या महिन्यात डिकसळ रोडला एक माणूस गेला, तिथं बी असंच केलं. आपल्यात पद्धतच हाय ती."

मी आयुष्यभर लोकांच्या चुका दुरुस्त केल्या. लाल पेनानं केल्या, तोंडानं केल्या, लग्नातल्या जेवणावळीतसुद्धा केल्या. त्याला सांगायला पाहिजे होतं की बाबा, पद्धत-बिद्धत काही नाही, मी दवाखान्यात चूक केली होती आणि नंतर माझं भान गेलं होतं. जीभ उचलली नाही. डोक्यात एकच चाललं होतं. तो थांबला तो किती वेळ थांबला? दोन श्वास. मी थांबले होते तेवढाच. त्याला का थांबायचं ते माहीत नव्हतं, तरी त्यानं माप चुकवलं नव्हतं. मी अप्पा बोलतील म्हणून थांबले होते. आता या गावात जो जो मरेल त्याच्या गुडघ्याशी माणसं तेवढीच थांबतील, आणि कुणीच काही बोलणार नाही.

मला रडू फुटलं. तिथं, परक्याच्या ओट्यावर, उभ्या उभ्या. आवाज आवरेना, भिंत धरून खाली बसावं लागलं. आतून बायका धावत आल्या, एकीनं पाठीवर हात फिरवला, एकीनं पाणी दिलं. म्हातारीची लेक मला जवळ घेऊन म्हणाली, तुमचा एवढा जीव होता आईवर, आम्हाला माहीतच नव्हतं. मी होय म्हणून मान हलवली.